मुका डबा

दिवाळी झाली, उसाला तुरे आले, आणि पिंपळवंडीच्या शिवारात चाळीस घरांच्या दारांवर चाळीस डबे टांगले गेले. डबा केवढा, तर शाळेत न्यायच्या जेवणाच्या डब्याएवढा. हिरवा, आणि पुढं काचेचा एक डोळा. दिवस बुडाला की तो डोळा उघडायचा नि मिटायचा. पण खरी करामत डोळ्यात नव्हती. डबा ओरडायचा. माणसाच्या कानाला न लागणारं ते ओरडणं बिबट्याच्या कानात सुईसारखं शिरायचं आणि उसाच्या कडेलाच त्याचं पाऊल माघारी वळायचं. हे वृषालीनं आठ वर्षं खपून, पुण्याच्या विद्यापीठात, पिंजऱ्यातल्या जनावरांवर पडताळून पाहिलं होतं. मोकळ्या शिवारात पडताळायचं तेवढं राहिलं होतं. तेवढं झालं की एक कंपनी डबे बनवायला घेणार होती. कंपनीचा माणूस सूरज, तालुक्याच्या पेठेतलाच पोरगा, बोलण्यात साखर आणि हिशेबात सुरी. तो डब्याचं नावही ठरवून बसला होता: ‘राखण’.

वृषाली ह्याच मातीतली. शिवारात तिची सख्खी आत्या सरूबाई, बारा एकर ऊस, स्लॅबचं घर, लोखंडी दार. गावानं डबे लावून घेतले ते आत्याच्या शब्दावर. “आमची वृषी डाक्टर झालीय, पर सुई टोचणारी न्हाई, वाघाला टोचणारी,” असं सांगत सरूबाई दारोदार हिंडली होती.

पण एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. चाळीसांतले वीस डबे मुके होते.

औषध तपासताना निम्म्यांना औषध देतात नि निम्म्यांना साखरेची गोळी, तसं. मुक्या डब्याचा डोळा उघडायचा, मिटायचा, पण आतली एक तार सोडून ठेवलेली, आवाज नाही. सहा महिन्यांनी बघायचं, बिबट्या कुणाच्या दारात जास्त आला. त्याशिवाय कुणी मानणार नव्हतं. कंपनी नाही, विद्यापीठही नाही. सह्या घेतलेल्या कागदावर आठव्या कलमात लिहिलंही होतं, ‘काही डबे तुलनेसाठी असतील’. आठव्या कलमापर्यंत कुणी गेलं नव्हतं. अंगठे मात्र ठळक उमटले होते.

कुणाला कुठला, हे वृषालीनं चिठ्ठ्या टाकून ठरवलं. सोळा नंबर आत्याचा, मुका निघाला. तो बदलावा असं तिला वाटलं; पण पक्कं घर आहे, लोखंडी दार आहे, म्हणून तिनं मन मारलं. सतरा नंबर बोलका. तो गेला आत्याच्याच बांधावरच्या खोपीला.

खोपीत सोनीबाई नि कुशाबा राहत. भीमाशंकराच्या अंगच्या डोंगरातली माणसं. वर चार वाफे भात, उतारावर नाचणी. ती घरात आली की उरलेलं वर्ष सरूबाईच्या उसात. मुलगा रामदास खाली नारायणगावला ट्रॅक्टरवर, सून दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी डोंगरात. म्हणून नात आजीपाशी. वैजयंती, चार वर्षांची, दात पडायच्या आधीच बोबडी, ऊन लागलं की गाल नाचणीच्या भाकरीसारखे. डबा टांगला त्या दिवशी कुशाबा कमरेवर हात ठेवून बघत राहिला होता.

“आमच्याकडं वाघाला शेंदूर लावत्यात,” तो म्हणाला, “तुमच्याकडं डबा लावत्यात. बघू, कोन ऐकतोय त्यो.”

आणि वाघानं डब्याचं ऐकलं. पौष सरला, माघ सरला. उसाच्या तोंडाशी ओल्या मातीत पंजे उमटायचे, खोपीच्या रोखानं चार पावलं यायचे आणि एकदम आडवे वळून जायचे. सोनीबाई सकाळी ते पंजे बोटानं मोजायची नि हसायची. आधी ती दिवेलागणीला थाळी बडवायची, दारात ओंडका पेटवायची, पोरीला लुगड्याच्या पदराला बांधून चुलीपाशी बसवायची. हळूहळू थाळी थांबली, ओंडका विझला, पदराची गाठ सुटली. संध्याकाळी पोर अंगणात खडे मांडू लागली आणि आजी भाकरी थापता थापता गाऊ लागली:

दिस बुडाला डोंगरी, गाई आल्या गोठणीला
वैजू माझी एकलीच, सांगा राखाया चांदणीला

वृषाली दर आठवड्याला वही घेऊन यायची, पंज्यांची मापं घ्यायची, आणि ही ओवी ऐकून तिचा ऊर भरून यायचा. आठ वर्षांचं काम असं कुणाच्या गळ्यातून वाजलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

फाल्गुनात, होळीच्या चार दिवस आधी, ती आत्याच्या दारात आली. डब्याच्या तळाची चिठ्ठी बघून थबकली.

“आत्या, हा सतराचा डबा. तुझा सोळा.”

“व्हय. बदलला.” सरूबाई ओट्यावर शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“कुणी सांगितलं तुला?”

“पिंट्यानं.”

पिंट्या म्हणजे तिचा कुत्रा. ओट्याखाली लांब जाऊन, शेपूट पोटाशी घेऊन बसला होता.

“दिवाळीपासनं ह्ये बेनं त्या डब्याखाली तंगड्या वर करून घोरतंय,” सरूबाई म्हणाली. “आन् खोपीवरची पिवळी कुत्री डब्याच्या जवळ फिरकंना. भाकर टाकली तरी न्हाई. म्हनलं, ह्ये काय? मग दहा घरं हिंडले. सहा ठिकानी कुत्रं डब्याखाली निजलेलं, चार ठिकानी लांब पळालेलं. जिथं कुत्रं निजतंय, तिथं वाघ येऊन गेलाय. आता म्या काय शिकल्याली न्हाई, वृषे, पर येवढं कळतंय. ज्या डब्याखाली कुत्रं निजतं, त्यो डबा मेलेला.”

वृषालीनं हातातली वही मिटली. प्रबंधात कुत्र्याच्या कानावर तिनं अख्खं प्रकरण लिहिलं होतं. पण ते प्रकरण एक म्हातारी शेंगा निवडता निवडता वाचील, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

“सख्ख्या आत्याच्या दारात मुका डबा,” सरूबाई आता वर बघून म्हणाली, “आन् गड्याच्या खोपीला बोलका. चांगले पांग फेडलेस गं.”

“चिठ्ठ्या टाकल्या होत्या.”

“ग्रामपंचायतीची सोडत हाय का ही?”

“आत्या, तुला लोखंडी दार आहे. त्यांना कुडाची भिंत. तिथं चार वर्षांची पोर आहे.”

“माझ्या गोठ्यात दोन गाया गाभन हायेत. गोठ्याला दार हाय का? आन् सोनी काय न्हाई म्हनली न्हाई. ‘बाई, तुमचा डबा माझ्याकडं, माझा तुमच्याकडं, सारखंच की,’ असं म्हनली. स्वताच्या हातानं काढून दिला.”

“मी परत बदलते.”

“बदल.” सरूबाईनं सुपातल्या शेंगा झटकल्या. “मग उद्या सकाळी डेअरीवर दूध घालाया जाईन, तवा रांगेत हुबी राहून सांगीन. बायांनो, निम्मे डबे मेलेले हायेत. माझं खोटं वाटत आसंल तर आपापल्या कुत्र्याला इचारा.”

वृषाली बांधावर येऊन उभी राहिली. उसाला वारा लागला होता. तिनं सूरजला फोन लावला.

“मॅडम, घाबरता काय राव?” तो म्हणाला. “सोळा नंबर आता खोपीवर? मग खोपी मुक्या बाजूला धरायची. अहवालात शेवटी एक ओळ, दोन डब्यांची अदलाबदल झाली. संपलं.”

“तिथं लहान मुलगी आहे, सूरज.”

“चाळीस घरांत एकोणीस पोरं आहेत. निम्मी पहिल्यापासून मुक्या डब्याखालीच निजतात ना? त्यांची आठवण नाही झाली चार महिने?”

वृषालीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सहा आठवडे,” सूरज म्हणाला. “फक्त सहा आठवडे दम धरा. मग सगळ्यांनाच बोलके डबे. आज एका घराला सांगितलंत, तर उद्या वीस घरं डबे काढून फेकतील, आणि तुमची आठ वर्षं त्या डब्यांबरोबर उकिरड्यावर. त्यानं वाचलंच तर एक घर वाचेल. डबा बाजारात आला तर तालुका वाचेल. तुम्हीच हिशेब करा.”

ती खोपीकडं गेली. पिशवीत स्क्रूड्रायव्हर होता. मुका डबा बोलका करायला एक तार जोडायची, पाच मिनिटांचं काम. सोनीबाईनं विचारलं असतं तर ‘बॅटरी बघतेय’ म्हणून भागलं असतं. डबा बांबूला टांगलेला होता आणि त्याच्याखाली पिवळी कुत्री पाय पसरून निवांत झोपली होती. वैजयंती तिच्या पोटावर डोकं टेकून पडली होती.

वृषालीचा हात पिशवीत गेला. तार जोडायची, तर वहीत काय लिहायचं? मुका, की बोलका? खोटं लिहिलं तर ती एक नोंद खोटी, आणि एक नोंद खोटी म्हणजे चाळीसही खोट्या. खरं लिहिलं तर सूरज. हात पिशवीतच चाचपडत राहिला, आणि बाहेर आला तेव्हा त्यात बॅटरी होती, उजेडाची, तिची स्वतःची.

“हे असू द्या तुमच्याकडं,” ती म्हणाली. “आणि सोनीबाई, दिवेलागणीला पोरीला आत घेत जा हो. अंगणात नको.”

“अगं बया!” सोनीबाईनं बॅटरी दोन्ही हातांनी घेतली. “आता कशाचं भ्या, ताई? तुमचा डबा हाय की.”

“तरीपण.”

“चार म्हयनं झालं, वाघ हिकडं तोंड करंना. तुमच्या हाताला गुन हाय बघा.” आणि तिनं वृषालीच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

वृषाली तशीच पुण्याला गेली. होळी गेली, तरी ती शिवारात फिरकली नाही; तेवढ्या दिवसांत तिनं तीनदा फोन हातात घेतला. कुशाबाकडं फोन होता, बटणांचा. तीनदा ठेवून दिला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, गाई गोठ्याकडं वळतात त्या वेळेला, सोनीबाई चूल फुंकत होती. कुशाबा पाटाचं पाणी तोडायला गेला होता. वैजयंती अंगणात उकिडवी बसून गाठीच्या माळेतली साखर चाटत होती. उकिडवं बसलेलं माणूस बिबट्याला जनावरच वाटतं. कुत्री एकदा केकाटली. सोनीबाई बाहेर आली तेव्हा अंगणात खडे होते, साखरेची माळ होती, आणि वर डबा डोळा उघडत होता, मिटत होता. बॅटरीचा उजेड घेऊन ती उसात शिरली. पाचटानं तोंड, हात, गळा चिरत गेला. तिसऱ्या सरीत तिला परकराचा घोळ सापडला. बाकीचं कुशाबाला आणि गड्यांना सापडलं, आणि ते त्यांनी तिला बघू दिलं नाही.

वृषालीला कळवलं ते आत्यानं. आवाज बारीक होता.

“वृषे, झालं ते झालं. पर तुझा डबा चांगला हाय गं. गोठ्याच्या मागनं गेला त्यो, माझ्या गायांकडं बघितलंसुदिक न्हाई.” मग जरा थांबून, “तू आन् मी सोडून कुनाला म्हाईत न्हाई. कुनाला बोलू नगं.”

वनखात्याचा पिंजरा आला, शेळी बांधली, गावानं रस्ता अडवला, निवडणुकीत दिसलेली माणसं पुन्हा दिसली. वहीत सोळा नंबरापुढं वृषालीनं तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि ‘हल्ला’ या रकान्यात एक लिहिलं. तोवर मुक्या नि बोलक्या डब्यांतला फरक बरा होता, पण अगदी ठसठशीत नव्हता. त्या एकानं तो ठसठशीत झाला. सूरज आकडे बघून फोनवर म्हणाला, “वाईट झालं मॅडम. पण आता कुणी शंका काढणार नाही.”

दहाव्या दिवसानंतर ती खोपीवर गेली. सून माहेरी बाळंत झाली होती, मुलगा झाला होता. तिला अजून काही सांगितलं नव्हतं, दूध आटेल म्हणून. रामदास तिकडं जाऊन हसरं तोंड करून बसला होता.

सोनीबाईनं पाणी आणून दिलं. मग समोर बसली, अगदी जवळ.

“ताई, एक इचारू? खरं सांगाल?”

“विचारा.”

“पाडवा आला म्हून म्या सारवन केलं. डब्यावर लई धूळ बसली व्हती. वल्ल्या फडक्यानं पुसला म्या त्यो. चांगला घासून.” तिनं आपले दोन्ही तळवे पुढं धरले, जणू त्यावर अजून फडकं होतं. “आन् पाडव्याच्या दुसऱ्या दिशी, सांच्याला ह्ये झालं. माझ्या हातानं मेला का वो डबा?”

“किती येळा सांगू हिला!” कुशाबा दाराशी उभा होता. दहा दिवसांत त्याच्या गालांची हाडं वर आली होती. “आगं, पावसापान्यात टिकनारा डबा. फडक्यानं मरतोय व्हय? तुझा दोस न्हाई. ताई, तुमीच सांगा हिला. तुमी बनवलाय.”

दोघं तिच्याकडं बघत राहिली. म्हाताऱ्यानं खरं उत्तर तयार करून तिच्या ओंजळीत ठेवलं होतं. तिनं फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण त्या ‘हो’च्या मागं दुसरा प्रश्न उभा होता, आणि तो तिला खोपीच्या अंधारात स्पष्ट दिसत होता. पाण्यानं नाही, तर मग कशानं?

“पाणी गेलं असेल आत,” वृषाली म्हणाली. “कधीकधी जातं.”

सोनीबाईनं आपल्या हातांकडं बघितलं. तिनं तळवे हळूच मिटले आणि पदराखाली घेतले, चोरीचा माल झाकावा तसे.

“असंल म्हनत्यात त्या,” कुशाबा घाईघाईनं म्हणाला. “असंल म्हंजी हायच असं न्हाई. ऐकलंस का? सोने? असंल आन् हाय यात लई अंतर हाय.”

निघताना वृषालीनं डबा काढून घेतला. गाडीत ठेवला. वाटेत नारायणगावला एका झाडाखाली थांबून तिनं तो उघडला आणि ती तार जोडली. जोडून बघितली. समोरच्या टपरीखालचं कुत्रं ताडकन उठून पळालं.

अहवाल गेला, मान्य झाला, करार झाला. पावसाळ्यात कारखान्यात डबे बनू लागले. प्रत्येक डब्याबरोबर द्यायचं पत्रक सूरज तिच्याकडून लिहून घेत होता. कसा टांगावा, किती उंचीवर, बॅटरी कधी बदलावी.

“काळजी काय घ्यावी, त्याखाली अजून एक घाला,” वृषाली म्हणाली. “डबा ओल्या फडक्यानं पुसू नये. आत पाणी जाऊन आवाज बंद पडतो.”

“मॅडम, आपण तो पिंपात बुडवून ठेवला होता दोन दिवस. थेंब गेला नाही.”

“असू दे.”

सूरजनं जरा विचार केला आणि त्याचा चेहरा खुलला. “नाही, खरंय. चांगलं आहे. उद्या कुठं काही झालं, तर पुसला असेल म्हणता येतं.”

ती ओळ जाड ठशात छापली गेली.

पुढच्या दिवाळीनंतर जुन्नरला, बाजारपेठेच्या तोंडाशी, एसटी स्टँडच्या बाजूला ‘राखण’चा मांडव पडला. पहिल्याच सकाळी रांग लागली. शिवारातले बागायतदार दोन-दोन, तीन-तीन डबे नेत होते, मोटारसायकलींना बांधून. सरूबाईनं गोठ्याला एक, विहिरीवर एक घेतला आणि रांगेतल्या बायकांना सांगत राहिली, “सगळ्यात आधी माझ्या दारात व्हता ह्यो!” वृषाली टेबलामागं बसली होती. सूरजनं तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता.

कुशाबा रांगेत नव्हता. बाजूला, दोरीपाशी उभा होता. तिला दिसला तेव्हा किती वेळ उभा होता कोण जाणे. ती उठून त्याच्याकडं गेली.

“बाबा, तुम्ही? डबा हवा होता का? तुम्हाला मी असाच देते.”

“नगं. आमी आता वरच असतो, डोंगरात. खाली येत न्हाई.” त्याच्या हातात पत्रक होतं, कुणाच्या तरी हातून खाली पडलेलं, बुटाचा ठसा उमटलेलं. “ह्ये तेवढं वाचून दाखवा. त्या पोराला म्हनलं, त्यानं थोडंच वाचलं. फडक्याचं काय तरी हाय म्हनला.”

“सूचना आहेत नुसत्या, बाबा.”

“वाचा.”

तिनं वाचलं. उंचीचं वाचलं, बॅटरीचं वाचलं. मग ती ओळ वाचली. आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

“पुन्यांदा.”

तिनं पुन्हा वाचलं.

“ह्ये कुनी लिवलं? इंजनेरानं?”

“मी.”

“मंग खरंच आसंल.” तो मान हलवत राहिला. “आठ म्हयनं झालं, ताई. सून तोंडावर बोलते, हिनं माझी पोर मारली. रामदास आईच्या हातचं खात न्हाई. म्या एकटा भांडतोय सगळ्यांशी. म्हनायचो, डबा बनवनारीच म्हनली, असंल. हाय म्हनली न्हाई. तेवढ्यावर हिला जगवली म्या.” त्यानं हात पुढं केला. “द्या त्यो कागद.”

“कशाला, बाबा?” वृषालीनं पत्रक छातीशी धरलं. “राहू द्या. आता काय...”

“द्या. छापल्यालं हाय. मला तरी खरं कळू द्या.”

मागून सूरजनं हाक मारली, “मॅडम, फोटो!” हार गळ्यात रुतत होता. सरूबाई रांगेतून तिच्याकडं रोखून बघत होती.

तिनं कागद दिला.

कुशाबानं त्याची घडी घातली, कोपरीच्या खिशात ठेवली, आणि स्टँडात भीमाशंकराकडची गाडी लागली होती तिच्याकडं चालू लागला. खिडकीशी जागा मिळाली त्याला. गाडी हलायच्या आधी त्यानं कागद पुन्हा बाहेर काढला, मांडीवर पसरला, आणि एक अक्षर न येणारा तो म्हातारा जाड ठशावरून बोट फिरवत ती ओळ कुठली ते शोधू लागला.